आरोग्य केंद्राचं एनक्वास मूल्यमापन: पहिल्या बैठकीपासून निकालाच्या पत्रापर्यंत

उत्तर गोव्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं (एनक्वास) प्रमाणपत्र मिळालं. पहिली बैठक जून २०२३ मध्ये झाली होती, म्हणजे दीड वर्षाहून थोडा जास्त वेळ गेला. सुरुवातीला आमच्या हातात फक्त इंग्रजी मार्गदर्शिका आणि शेकडो ओळींच्या तपासणी याद्या होत्या. त्या वाचून पहिले पंधरा दिवस कुणालाच नेमकी सुरुवात कुठून करायची ते सुचेना. ज्या केंद्रांची पाळी आता येणार आहे, तिथल्या सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन आणि अटेंडंट यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी रचना समजून घ्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१३ मध्ये ही मानकं जिल्हा रुग्णालयांसाठी आणली. पुढे ती सामुदायिक आणि प्राथमिक केंद्रांना, मग शहरी केंद्रांना आणि अलीकडे उपकेंद्रांनाही लागू झाली. तांत्रिक बाजू नवी दिल्लीचं राष्ट्रीय आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र सांभाळतं. कागदावर नाव एनक्यूएएस, बोलताना सगळे एनक्वास म्हणतात. यात आठ क्षेत्रं आहेत: मिळणाऱ्या सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, सहायक सेवा, उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि फलित. क्षेत्राखाली मानकं, मानकाखाली मोजता येणारे घटक आणि घटकाखाली तपासणीचे मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला २, १ किंवा ० गुण. पूर्ण पाळलं तर २, अर्धवट पाळलं तर १, नाही तर ०. मिळालेल्या गुणांना एकूण शक्य गुणांनी भागून टक्केवारी निघते.

खाटा आणि प्रसूतीगृह असलेल्या केंद्राला सहा याद्या लागतात: ओपीडी, प्रसूतीगृह, आंतररुग्ण विभाग, प्रयोगशाळा, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आणि सामान्य प्रशासन. यादीतल्या प्रत्येक मुद्द्यासमोर तपासण्याची पद्धत छापलेली असते. ओबी म्हणजे डोळ्यांनी पाहणं, एसआय म्हणजे कर्मचाऱ्याला विचारणं, आरआर म्हणजे नोंदी बघणं आणि पीआय म्हणजे रुग्णाला विचारणं. आम्ही हा रकाना दोन महिने दुर्लक्षित ठेवला, ती चूक तुम्ही करू नका. जिथे एसआय लिहिलंय तिथे फाईल कितीही सुंदर असली तरी गुण मिळत नाहीत. समोर उभ्या असलेल्या अटेंडंटला उत्तर आलं पाहिजे.

जुलै २०२३ मध्ये आम्ही पहिलं अंतर्गत मूल्यमापन केलं. हेल्थ ऑफिसरनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की कुणी आपल्या विभागाची यादी भरायची नाही. प्रसूतीगृह फार्मासिस्टनं तपासलं, फार्मसी लॅब टेक्निशियननं, लॅब सिस्टरनी. हे करताना अवघडल्यासारखं होतं, कारण रोज एकत्र डबा खाणाऱ्या माणसाला शून्य द्यावं लागतं. पण आपलीच यादी आपण भरली की ‘होतं की हे आपल्याकडे’ असं वाटून २ पडतात. ‘गुणक’ नावाचं मोबाईल ॲप आहे, त्यात सगळे मुद्दे आहेत आणि गुणही आपोआप मोजले जातात. आम्ही कागदावर भरून संध्याकाळी ॲपमध्ये चढवत होतो, कारण आमच्या जुन्या इमारतीच्या आतल्या खोल्यांत रेंज मिळत नाही.

निकाल आला ५४ टक्के. उपचारांचे गुण बरे होते. गुणवत्ता व्यवस्थापन आणि फलित या दोन क्षेत्रांनी खाली ओढलं होतं. त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे पडले. आज मागे वळून बघताना वाटतं की तो खरा आकडा मिळाला हे फार चांगलं झालं. शेजारच्या तालुक्यातल्या एका केंद्रानं पहिल्याच फेरीत स्वतःला ८० च्या वर गुण दिले होते. राज्याच्या तपासणीत ते खूप खाली आले आणि मधले सहा महिने वाया गेले.

पात्रतेचे निकष नुसते एकूण गुणांवर ठरत नाहीत, हे लक्षात ठेवा. एकूण ७० टक्के हवेत, प्रत्येक विभागाला ७० हवेत, प्रत्येक क्षेत्रालाही ठरलेली किमान टक्केवारी हवी. शिवाय एकही मानक ५० च्या खाली जाता कामा नये, आणि रुग्णसमाधानाचे गुणही ठरलेल्या मर्यादेच्या वर असले पाहिजेत. म्हणजे पाच विभागांत नव्वद मिळवून सहाव्यात ६६ आले तरी अडतं. त्यामुळे आम्ही त्रुटींची यादी विभागवार न लावता वेगळ्या पद्धतीनं लावली. आधी ५० च्या खालची मानकं, मग किमान टक्केवारीच्या खालची क्षेत्रं, मग उरलेलं. प्रत्येक त्रुटीसमोर चार रकाने केले: कारण काय, कोण करणार, पैसे लागतील का, कधीपर्यंत. ‘कारण’ हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एक उदाहरण देतो. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं द्रावण कसं करायचं, असं तीन अटेंडंटना विचारलं तर तीन उत्तरं आली. आम्ही ‘प्रशिक्षण द्यावे’ असं लिहून मोकळे झालो, प्रशिक्षण दिलंही, आणि महिन्यानं पुन्हा तीच गत. मग नीट शोध घेतला. पुरवठादार बदलला होता. आधी ५ टक्क्यांच्या बाटल्या येत होत्या, आता १० टक्क्यांच्या. भिंतीवरचा तक्ता मात्र जुनाच. ५ टक्क्यांच्या बाटलीतून १ टक्क्याचं द्रावण करायला १ भाग औषधाला ४ भाग पाणी लागतं आणि ०.५ टक्क्यासाठी ९ भाग. १० टक्क्यांच्या बाटलीला १ टक्क्यासाठी ९ भाग पाणी लागतं. अटेंडंट चुकत नव्हते. ते तक्ता पाळत होते किंवा वासावरून अंदाज करत होते. मग तक्त्यावर वरच ‘बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा’ असं मोठ्या अक्षरात कोकणीत आणि मराठीत लिहिलं, दोन्ही प्रमाणं दिली, आणि खुणा केलेले दोन मग बादलीलाच बांधून ठेवले. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम पावडरीनं साधारण ०.५ टक्क्याचं द्रावण होतं. बाटल्या खिडकीत उन्हाला ठेवू नका, ताकद जाते. अवजारं ०.५ टक्क्याच्या द्रावणात १० मिनिटंच ठेवायची. जास्त ठेवली की गंजतात, आणि गंजलेली कात्री दिसली की मूल्यमापक लिहून घेतो.

पावसाळ्यानं आमची परीक्षाच बघितली. ऑगस्टमध्ये ड्रेसिंग रूमच्या भिंतीला ओल आली, कोपऱ्यात बुरशी धरली. इमारतीची दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे असल्यामुळे अंदाजपत्रक, मंजुरी, पुन्हा पाहणी असं होत काम फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. तोवर त्या खोलीतलं निर्जंतुक सामान आम्ही दुसऱ्या खोलीत हलवलं आणि हलवल्याची नोंद ठेवली. सल्ला असा की बांधकामाची पत्रं पहिल्याच महिन्यात पाठवा, बाकीची कामं त्यानंतर. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची पोच फाईलला लावा. काम झालेलं नसलं तरी आपण त्रुटी ओळखून पाठपुरावा केला, एवढं त्या कागदातून दिसतं.

ओलीचा दुसरा फटका ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला. अवजारं-कापडांचे संच ओले बाहेर येत होते. ओला संच निर्जंतुक धरायचा नसतो, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. कारण हवेतला दमटपणा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. खरं कारण निघालं ड्रममध्ये कोंबलेलं कापड. वाफ आत शिरायला जागाच नव्हती. ड्रम तीन चतुर्थांशच भरायचा असं ठरवल्यावर तक्रार गेली. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या संचाला ३० मिनिटं, न गुंडाळलेल्याला २०. ही मिनिटं दाब पूर्ण आल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. संचावरच्या निर्देशक पट्टीचा रंग बदलला म्हणजे संच तापला एवढंच कळतं. जंतू मेले की नाही हे जैविक निर्देशकानं कळतं. दोन्हींच्या नोंदी मागतात.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, म्हणजे सप्टेंबर २०२३ च्या मध्यापर्यंत, कार्यपद्धतीचे दस्तऐवज लिहून संपवायचे ठरवलं होतं. ते नोव्हेंबरपर्यंत गेलं. सुरुवातीला आम्ही दुसऱ्या राज्यातल्या केंद्राचे दस्तऐवज उतरवून घेतले. त्यात आमच्याकडे नसलेल्या पदांची नावं, नसलेल्या खोल्या. एका सिस्टरनी वाचून विचारलं, ‘हे कुणाचं केंद्र?’ तेव्हा सगळं बाजूला ठेवून कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. जी व्यक्ती काम करते तिनं तोंडी सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग मानकाशी ताडून जिथे फरक आहे तिथे काम बदलायचं. प्रत्येक दस्तऐवज सहा-सात पानांत बसवला. मोठे ग्रंथ कपाटात राहतात.

ऑक्टोबरमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्रं बरोबर मोजतात का याची तपासणी, केलं. बीपीची यंत्रं, वजनकाटे, फ्रीजचे थर्मामीटर, ऑटोक्लेव्हचा दाबमापक, लॅबमधली पिपेट, बाळाला ऊब देणारा रेडियंट वॉर्मर. एकूण २३ वस्तू होत्या, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या दाखल्यासकट खर्च सुमारे १९,००० रुपये आला. तो रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून केला. नुसता स्टिकर पुरेसा नाही. प्रमाणपत्रात यंत्राचा अनुक्रमांक असतो तो यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते त्याच दिवशी बघा. आमच्या दोन बीपी यंत्रांचे क्रमांक उलटे पडले होते, दुरुस्त प्रमाणपत्र यायला तीन आठवडे लागले. एका वजनकाट्यात २०० ग्रॅमची चूक निघाली. तान्ह्या बाळाच्या वजनात २०० ग्रॅम म्हणजे केवढा फरक! तो काटा त्याच दिवशी बाजूला काढला.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सगळ्यांना पाठ असतात असं वाटतं. पिवळी पिशवी रक्तानं माखलेलं ड्रेसिंग, प्लॅसेंटा, मुदत संपलेली औषधं यांना. लाल पिशवी सलाइनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे यांना. पांढरा, भोसकला न जाणारा डबा सुया आणि ब्लेडना. निळा खोका काचेच्या बाटल्या, अँप्युलना. प्रत्यक्षात आमच्याकडे चुका दोनच ठिकाणी होत होत्या. रात्रपाळीत इंजेक्शननंतर फुटलेल्या अँप्युल पांढऱ्या डब्यात जात, आणि लसीकरणाच्या शिबिरात हब कटर (सुई कापायचं यंत्र) न्यायला विसरत. कारण साधं होतं: निळा खोका इंजेक्शनच्या टेबलापासून चार पावलं लांब होता. तो टेबलाखाली आणला. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, पिशवीवर बारकोड हवा, कुंडईच्या कचरा प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या गाडीची पावती रोजच्या वजनाच्या वहीशी जुळली पाहिजे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी चालू मुदतीची हवी आणि वार्षिक अहवाल ३० जूनच्या आत गेलेला हवा. कर्मचाऱ्यांचं हिपॅटायटिस बी लसीकरणही याच फाईलला जोडा. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात, म्हणजे आज सुरुवात केली तरी पूर्ण व्हायला अर्धं वर्ष लागतं. आमच्या दोन सफाई कामगारांचा तिसरा डोस राहिला होता आणि त्यांच्या कंत्राटदाराकडे काहीच नोंद नव्हती. केंद्रानं स्वतःच कार्ड काढून दिली.

प्रसूतीगृहाचा प्रश्न गोव्यात वेगळा आहे. बहुतेक बाळंतपणं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये किंवा जिल्हा रुग्णालयात होतात. आमच्याकडे महिन्याला दोन-तीन, कधी एकही नाही. यादी मात्र तीच: सात ट्रे, पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख), सुरक्षित प्रसूतीची तपासणी यादी, बाळ जन्मल्यावर एका मिनिटात रक्तस्राव रोखणारं १० युनिट ऑक्सिटोसिन आईच्या स्नायूत, बाळासाठी आधीच तापवलेला वॉर्मर. केसेस कमी असल्या की हात विसरतात. म्हणून डिसेंबर २०२३ पासून दर पंधरा दिवसांनी पुतळ्यावर सराव सुरू केला: एकदा जन्मानंतर न रडणारं बाळ, एकदा प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, एकदा झटके. घड्याळ लावून, रात्रपाळीच्या सिस्टरनाही धरून. पहिल्या सरावात झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट काढायला नऊ मिनिटं लागली, कारण कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर होती. चौथ्या सरावात दोन मिनिटं लागली. ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे, आणि त्या फ्रीजमध्ये कुणाचा डबा दिसता कामा नये.

आयएलआरचं, म्हणजे लसींच्या खास फ्रीजचं, तापमान दिवसातून दोनदा लिहायचं असतं, +२ ते +८. डीप फ्रीजर −१५ ते −२५. रविवार आणि सुट्टीच्या नोंदी मूल्यमापक आधी बघतात. आमच्या वहीत एका रविवारचे दोन्ही आकडे ४, ४ होते, आणि त्याच दिवशी वीज चार तास गेल्याची नोंद जनरेटरच्या वहीत होती. ते आमच्याच अंतर्गत तपासणीत सापडलं. कुणाला न रागावता रविवारची जबाबदारी नावानिशी लिहून दिली. पेंटाव्हॅलेंटसारख्या गोठून खराब होणाऱ्या लसी तळाला टेकवू नका.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोन ऑडिट सुरू केली, जी नव्या केंद्रांना सर्वात जड वाटतात. प्रिस्क्रिप्शन ऑडिटमध्ये महिन्याच्या ३० चिठ्ठ्या कुठल्याही क्रमानं उचलायच्या आणि बघायचं: औषधाचं जेनेरिक नाव आहे का, अक्षर वाचता येतं का, मात्रा आणि दिवस लिहिलेत का, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का. पहिल्या महिन्यात दिवसांची संख्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर नव्हती. डॉक्टरांना नाव न घेता बैठकीत आकडे दाखवले. तिसऱ्या महिन्यात चित्र बदललं.

दुसरं म्हणजे रुग्णसमाधान. दर महिन्याला ओपीडीचे ३० अर्ज, खाटांवरच्या रुग्णांचे जितके मिळतील तितके. अर्ज कोकणी, मराठी, इंग्रजी आणि हिंदीत ठेवले. औद्योगिक वसाहतीतले कन्नड बोलणारे कामगार येतात, त्यांना वाचून दाखवायला एक आरोग्य सेविका बसवली. ओपीडीतल्या वाट बघण्याला सतत कमी गुण पडत होते. सगळ्यांना वाटलं, डॉक्टर कमी आहेत. मग एक आठवडा केस पेपरवर चार वेळा घड्याळाची वेळ लिहिली: नोंदणीला, डॉक्टरकडे, तपासून बाहेर आल्यावर, औषध हातात पडल्यावर. सोमवारी सगळ्यात मोठा थांबा निघाला फार्मसीच्या खिडकीसमोर. मधुमेह-रक्तदाबाचे महिन्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण आणि तापाचे रुग्ण एकाच रांगेत. महिन्याच्या गोळ्यांची पाकिटं आदल्या दिवशी बांधून ठेवायला लागलो आणि त्यांना वेगळी खिडकी दिली. थांबा निम्म्यावर आला. खर्च शून्य. गुणवत्ता क्षेत्रात जे ‘पीडीसीए’ (योजना, कृती, तपासणी, सुधारणा) म्हणतात ते हेच, आणि याचा आधीचा-नंतरचा आलेख भिंतीवर लावला की मूल्यमापकाला वेगळं समजवावं लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये दुसरं अंतर्गत मूल्यमापन केलं, ७३ टक्के आले. राज्याची तपासणी एप्रिलमध्ये होईल अशी तयारी होती. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, खरेदी थांबली, ७ मेच्या मतदानासाठी निम्मे कर्मचारी ड्युटीवर गेले. अग्निशमन यंत्रं भरून आणायचं काम त्यात अडकलं. तुमच्या वर्षात निवडणूक असेल तर मुदत संपणाऱ्या सगळ्या गोष्टी आधीच उरकून घ्या.

राज्याची तपासणी जुलै २०२४ मध्ये झाली, ७९ टक्के आले. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय मूल्यमापनासाठी अर्ज गेला. सोबत केंद्राची माहिती, अंतर्गत आणि राज्याच्या तपासणीचे गुण, कार्यपद्धतीचे दस्तऐवज, गुणवत्ता धोरण, बैठकांची इतिवृत्तं, निर्देशांकांचे आणि रुग्णसमाधानाचे गेल्या तीन महिन्यांचे आकडे, परवाने. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण एका महिन्याच्या इतिवृत्तात उपस्थितांच्या सह्या नव्हत्या. ते पूर्ण करून पाठवण्यात चवथीची सुट्टी धरून तीन आठवडे गेले.

मूल्यमापनाची तारीख डिसेंबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यातली मिळाली. त्याच काळात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा चालू होता, आणि आमच्या दोन सिस्टर तिथल्या वैद्यकीय पथकात होत्या. तारीख बदलून मागायचा विचार झाला. शेवटी नाही मागितली, कारण दोन माणसं नसताना केंद्र कसं चालतं हेही खरंच आहे.

दोन मूल्यमापक, दोन दिवस, दोघेही परराज्यातले. सकाळी छोटी ओळखीची बैठक, मग थेट विभागांत. त्यांनी फाईल आधी मागितली नाही. सफाई कामगाराला हात धुण्याच्या सहा पायऱ्या करून दाखवायला सांगितल्या. अटेंडंटला विचारलं, ‘जमिनीवर रक्त सांडलं तर काय कराल?’ अटेंडंटनी रक्त साफ करायचं स्पिल किट आणून करून दाखवलं. आपत्कालीन ट्रेमधल्या ॲड्रेनालिनची मुदत बघितली. इमारतीच्या मागे कचऱ्याच्या खोलीपर्यंत चालत गेले. लॅबमध्ये विचारलं की पोटॅशियमसारखा धोक्याचा आकडा आला तर तुम्ही कुणाला, किती वेळात कळवता, आणि ते कुठे लिहिता. रुग्णांना विचारलं की पैसे द्यावे लागले का, पडदा ओढला होता का, औषध कसं घ्यायचं हे कुणी सांगितलं का. कोकणीतली उत्तरं समजावून सांगायला आम्ही पंचायतीतल्या एका शिक्षिकेला विनंती केली होती. केंद्रातल्याच माणसानं अनुवाद केला तर रुग्ण मोकळं बोलत नाही.

काही मुद्दे आशा सेविकांशी जोडलेले आहेत. गोव्यात आशांची रचना नव्हती, घरोघरचं काम आरोग्य सेविका आणि मल्टिपर्पज हेल्थ वर्कर करतात. हे राज्याच्या पत्रासह फाईलला लावून ठेवा, नाही तर अर्धा तास समजावण्यात जातो.

गुण कुठे गेले तेही सांगतो. वापरलेली सुई कर्मचाऱ्याला चुकून टोचली तर एचआयव्हीची लागण टाळणारं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, तक्ताही होता. पण मूल्यमापकांनी विचारलं, ‘रात्री अडीच वाजता ते मिळेल का?’ औषध फार्मसीत, किल्ली फार्मासिस्टकडे, फार्मासिस्ट घरी. १ गुण. खरं तर हा गुणांचा प्रश्न नव्हता, आमच्याच रात्रपाळीच्या सिस्टरच्या जिवाचा होता, आणि दीड वर्षात आमच्यापैकी कुणाच्या तो लक्षात आला नव्हता. त्याच संध्याकाळी पहिल्या डोसांचं पाकीट सीलबंद करून ड्युटी रूममध्ये ठेवलं. दुसरी त्रुटी रॅम्पची: १ फूट उंचीला १२ फूट लांबी हवी, आमचा जुना रॅम्प त्याहून तीव्र चढाचा आहे. तिसरी, प्रयोगशाळेच्या बाह्य गुणवत्ता चाचणीत एका तपासणीचा निकाल मर्यादेबाहेर आला होता आणि त्यावर काय केलं ते लिहिलेलं नव्हतं. केलं होतं, अभिकर्मक (चाचणीचं रसायन) बदलला होता, पण नोंद नव्हती.

शेवटच्या बैठकीत गुण सांगत नाहीत, फक्त निरीक्षणं सांगतात. मग पाच आठवडे वाट. रोज ईमेल उघडून बघायची सवय लागली होती. १७ जानेवारी २०२५ ला पत्र आलं: ८६ टक्के, प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी. सोबत त्रुटींची यादी आणि त्यावर मुदतीसह कृती आराखडा पाठवण्याची सूचना. प्रमाणपत्रामुळे मिळणाऱ्या प्रोत्साहन निधीचे ७५ टक्के केंद्राच्या सुधारणेला आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांना अशी विभागणी असते. आमच्या बैठकीत पहिला खर्च रॅम्पचा धरला आहे.

मधल्या दोन वर्षांत राज्याकडून वार्षिक तपासणी होते आणि तिचा अहवाल गेला तरच प्रमाणपत्र चालू राहतं. आमची पहिली तपासणी डिसेंबर २०२५ मध्ये धरली होती. कॅलिब्रेशनची मुदत ऑक्टोबरमध्ये संपणार होती, म्हणून मागणीपत्र जुलैतच पाठवायचं, आणि यंत्रांचे अनुक्रमांक या वेळी आपण स्वतः टाइप करून द्यायचे, असं ठरवलं होतं.